दोन ठोके

१

कंटेनर कापायचा तर आधी त्याच्यापाशी जरा बसावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही. चाळीस वर्षं यार्डात तेच काम केलं, त्यात आपोआप अंगवळणी पडलं. सकाळी सातला पोचायचं, जनरेटरमध्ये डिझेल आहे का बघायचं, चहा घ्यायचा आणि कपाच्या उबेनं गरम झालेला डावा तळहात पत्र्यावर ठेवायचा. ग्राइंडरच्या आवाजानं माझे कान कधीच अर्धे झाले. ऐकायचं काम माझा डावा तळहात करायचा.

बाहेर उभं राहून आतलं काही कळत नाही. कुठं आडवी पट्टी आहे, कुठं लाकूड ठोकलंय, काय माहीत? म्हणून आम्ही जोडीनं काम करायचो. एक जण आत, एक बाहेर. आतल्यानं जागा बघून दोन ठोके दिले की त्याचा अर्थ, मी बाजूला झालोय, इथं काप. एक ठोका म्हणजे थांब. एवढीच आमची भाषा. माझी लेक लहान असताना शाळेतून माझा जेवणाचा डबा घेऊन यायची, तिलाही ती यायला लागली होती. रिकाम्या कंटेनरमध्ये शिरून दोन ठोके द्यायची आणि हसत बसायची.

नियम मात्र एक होता. ठोका आला तरी लगेच हात हलवायचा नाही. आधी डोकी मोजायची, बाहेर किती, आत किती. कारण कंटेनर एकमेकांना चिकटून ठेवलेले असतात, शेजारच्यातला ठोकाही आपल्या पत्र्यातून येतो.

लेक आणि जावयानं शहराबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला आणि तिथं दोन जुने कंटेनर आणून ठेवले. त्यांचंच घर करायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यांनी पाच घरं बदलली. दर घरमालकाला यांचं काही ना काही खुपायचं. एकाला तर मांजरसुद्धा खुपलं.

"बाबा, या घरात खिळा ठोकायला कुणाची परवानगी नको," लेक म्हणाली.

"पत्र्यात खिळा जाणार कसा?"

"झालं! घातला मोडता."

जावई शाळेत चित्रकला शिकवतो. खडूनं जमिनीवर त्यानं घराचा असा काही नकाशा काढला होता की त्यावर पाय ठेवायला जीव होईना. "मामा, तुम्ही फक्त दारं-खिडक्या कापून द्या," तो म्हणाला. "बाकीचं मी बिघडवतो."

२

पहिला कंटेनर निळा होता. चार दिवसांत त्याला दोन खिडक्या आणि एक दार झालं. कुरबुर नाही, काही नाही.

दुसरा तपकिरी. त्याला टेंगळं होती.

कंटेनरला पोचे असतात, त्यात नवल नाही. क्रेनवर हेलकावतो, फोर्कलिफ्टचा दात लागतो. पण पोचा बाहेरून आत जातो. इथं पत्रा आतून बाहेर आला होता. मुठीएवढी सतरा टेंगळं, सगळी माणसाच्या छातीच्या उंचीला.

मी स्वतःलाच समजावलं. लोखंडी माल असेल, बोटीवर घरंगळला असेल. पण घरंगळणारा माल खाली लागतो. छातीपर्यंत उडी मारत नाही.

मी तसा गरीब माणूस. लेकीला कधी चापट मारली नाही. पण काम ते काम. घण घेतला आणि एकेक टेंगूळ ठोकून सपाट करायला लागलो. दुपार झाली तरी हात थांबेना. खांदा भरून आला, तळहाताला फोड आला, फोड फुटला. शेवटच्या टेंगळावर किती घाव घातले ते आठवत नाही. पत्रा सरळ झाल्यावरही मी मारतच होतो.

"मामा," जावयानं मागून हळूच विचारलं, "कुणावर राग काढताय?"

मी घण खाली ठेवला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सतराच्या सतरा टेंगळं परत बाहेर आली होती. आणि एक नवीन होतं. चहा पिताना मी त्या कंटेनरला टेकून बसतो. तिथं, बरोबर माझ्या डोक्याच्या मागं.

३

जुना पत्रा आहे, परत फिरतो, असं मी म्हटलं. जावयानंही म्हटलं. त्या भिंतीला आतून फळ्या लावायच्या ठरल्या, म्हणजे निदान घरात तरी कुणाला दिसायला नको.

माझी चूक त्याच दिवशी झाली. चहा झाला, तळहात पत्र्यावर ठेवला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मी दोन ठोके दिले. रिकामा कंटेनर, दाराचे दांडे बाहेरून लावलेले. ठोकायचं काही कारण नव्हतं.

आतून दोन ठोके आले.

मला हसू आलं. वाटलं, जावई लवकर येऊन आत लपलाय, म्हाताऱ्याची गंमत करतोय. मी तीन दिले. तिकडून तीन आले. मी उठलो, वळसा घालून दाराशी गेलो. दांडे होते तसेच होते. कुलूपही. कुलपाची चावी माझ्याच खिशात.

रात्री गार झालेला पत्रा उन्हानं ताणला जातो आणि टकटक करतो. हे मी हजारदा ऐकलंय. पण त्याला मोजता येत नाही.

कुलूप उघडून बघितलं. आत कुणी नव्हतं. तळाची लाकडी जमीन, चार प्लायवूडच्या फळ्या आणि आम्ही ठेवलेलं सामान, त्यात माझा घण. मागच्या टोकाला उजेड पोचत नव्हता, तिथपर्यंत मी गेलो नाही.

त्यानंतर मी ठोकणं बंद करायला हवं होतं. केलं नाही. बायको गेल्यापासून सकाळच्या चहाला मला कुणाची सोबत नव्हती, एवढंच कारण सांगता येईल. रोज दोन ठोके द्यायचो, दोन यायचे. एक दिला की एक. चार दिवसांनी माझी लय त्याला इतकी बसली की दोन ठोक्यांच्या मधला श्वाससुद्धा माझ्यासारखाच यायला लागला.

४

खिडकी मागच्या अंगाला कापायची होती. काम सोपं जावं म्हणून दाराचे दांडे आम्ही काढून टाकले होते, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या. जावई टेप आणि खडू घेऊन आत गेला. लेक माझ्या शेजारी उभी, हातात पाण्याची बाटली.

"खूण झाली की दोन ठोके," मी ओरडलो. "आणि मग बाजूला हो!"

"हो मामा, पाठ झालंय!"

जनरेटर सुरू केला. डावा तळहात पत्र्यावर. डोकी मोजली. बाहेर दोन, आत एक. बरोबर.

दोन ठोके आले. स्वच्छ, सावकाश, मधे एक श्वास.

मी ग्राइंडर लावला. चकती पत्र्यात शिरली की मनगटाला बारीक शिरशिरी येते, आणि पत्रा संपला की ती जाते. त्या दिवशी पत्रा संपला आणि शिरशिरी गेली नाही. मऊ झाली.

फटीतून माझ्या चष्म्यावर लाल फवारा आला. मी मागं सरलो. फटीतून रक्त खाली ओघळत होतं आणि चकतीनं तापलेल्या पत्र्यावर चरचर वाजत होतं. लेकीच्या हातातली बाटली पडली. ती दाराकडं धावली. तिनं त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, तेव्हा तो ओरडतही नव्हता. उजवा हात समोर धरून तो बघत होता, चित्रात काही चुकलंय आणि काय ते कळत नाही तसा.

तीन बोटं गेली होती. लेकीनं आत जाऊन दोन शोधून आणली. तिसरं, अंगठीचं, सापडलं नाही.

५

बोटं काही जोडता आली नाहीत. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून जावई दवाखान्यात पडला होता. मी पायाशी उभा. 

"मामा, तुमची चूक नाही," तोच म्हणाला. "मी ठोकलंच नव्हतं."

लेक चिडली. "मग यांनी कापलं कसं? बाबा, तुम्ही ऐकलंत ना ठोके?"

"ऐकले."

"मी खूण करायला हात टेकवला," जावई म्हणाला, "आणि तो उचलताच येईना. वरून कुणीतरी हात ठेवला होता. गरम होता हात. घट्ट."

"औषधाची गुंगी आहे," लेक मला म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळानं हळूच बोलली, "अंगठी तरी मिळायला हवी होती, बाबा. सारखा बोटाच्या जागी चाचपतोय."

मी बाहेर जाऊन माझ्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. तीस वर्षं तो आत आणि मी बाहेर. हल्ली तो मुलाकडं दूर राहतो.

"कोण? सावकाशराव?" यार्डात मला सगळे हेच म्हणायचे. "अजून जिवंत आहेस?"

मी सगळं सांगितलं. त्याचं हसणं थांबलं.

"डोकी मोजलीस?"

"मोजली. बाहेर दोन, आत एक."

"आतली कुठं मोजलीस? आत कोण गेलं तेवढंच मोजलंस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू त्याला आधी ठोका दिला होतास का? रिकाम्याला?"

"चहा पिताना. सवयीनं."

 मग तो म्हणाला, "दार लाव, चार टाके मार वेल्डिंगचे, आणि क्रेनवाल्याला बोलव. मला काही विचारू नकोस, मला काही माहीत नाही. पण रिकाम्या घरात मी कधी कुणाला हाक मारत नाही बाबा."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच गेलो. लेक दवाखान्यात आहे असं धरून चाललो होतो. सकाळी तिला तिथंच सोडून निघालो होतो.

ऊन असं की डोळा उघडवेना. तपकिरी पत्र्यावर रक्ताचा ओघळ वाळून काळा पडला होता. जनरेटर सुरू केला, वेल्डिंगच्या होल्डरला रॉड लावला. दाराच्या दोन्ही फळ्या बाहेरच्या भिंतींना टेकवलेल्या होत्या. बंद करण्याआधी आत डोकावायला हवं होतं. मी डोकावलो नाही. हिंमत झाली नाही, खोटं कशाला सांगू? मान खाली घालून एकेक फळी ढकलली, काळी काच डोळ्यांवर ओढली आणि टाके मारले. खाली एक, कमरेला दोन, वर एक.

काच वर केली तेव्हा चपला दिसल्या.

लेकीच्या. उघड्या फळीच्या मागं काढून ठेवलेल्या, म्हणून आधी दिसल्या नव्हत्या. एकमेकींना लावून, घरात शिरताना काढतात तशा. घर व्हायच्या आधीच ती तिथं चपला काढून जात होती.

अंगठी शोधायला आली होती.

मी दारावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला, इतका दणका बसला. आतून घाव पडत होते. ठोके नव्हेत, घाव. एकावर एक, लयीविना, वेड लागल्यासारखे. माझ्या डोळ्यांसमोर पत्रा बाहेर आला आणि मुठीएवढं टेंगूळ उठलं. त्याच्या शेजारी दुसरं.

मी तळहात सरकवत भिंतीकडेनं मागं गेलो. मागच्या टोकाला, अर्धवट कापलेल्या खिडकीच्या पलीकडं, तळहाताला दोन ठोके लागले. स्वच्छ, सावकाश.

७

मी हळू विचार करणारा माणूस. तेवढ्यात जेवढा झाला तेवढा विचार केला. दारापाशी ते आहे. टेंगळं तेच काढतं, हे मी बघितलंय. आणि मागच्या टोकाला लेक आहे. ती यार्डात वाढलेली पोर, तिला दोन ठोके माहीत आहेत. दार उघडलं तर ते बाहेर येईल. इथं कापलं तर लेक बाहेर येईल.

"आलो बाळ, आलो!" मी ओरडलो आणि ग्राइंडर लावला.

एकदा चुकलो होतो, म्हणून आधी हात जाईल एवढंच भोक पाडलं. कड मागं वाकवली. आत गडद अंधार. ग्राइंडर बंद करून उजव्या हातात धरला आणि डावा हात आत घातला.

"हात दे. कुठं आहेस? हात दे मला."

हात आला. गरम होता, घट्ट होता. माझी बोटं त्यात अडकली. मला रडू फुटलं. मी तो उजेडात ओढला आणि अंगठी चमकली. सापडली तर! बोटात घालून ठेवलीय शहाणीनं.

मग नीट बघितलं. अंगठीचं बोट गोरं होतं, नखाखाली खडूची पांढरी रेघ. त्याच्या शेजारचं बोट काळं, जाड, म्हातारं. त्याच्या शेजारचं इतकं लहान की पोराचं असावं. एकाही बोटाचं दुसऱ्याशी नातं नव्हतं.

त्यानं ओढलं. माझा हात मनगटापर्यंत आत गेला, कापलेली कड कातड्यात रुतली आणि माझा गाल पत्र्यावर आपटला. दात हलले. आणि गालाच्या हाडातून, पार दुसऱ्या टोकाकडून, मला माझ्या लेकीचा आवाज ऐकू आला.

"बाबा! दाराशी आहे मी! बाबा!"

घणाचे घाव पडत होते. तिच्या हातात घण होता. मीच आत ठेवलेला.

मी हात खेचला. पाय पत्र्याला लावून खेचला. ते हललंसुद्धा नाही. ओरडलो, शिव्या दिल्या, जन्मात दिल्या नव्हत्या अशा. मग त्यानं माझा तळहात आतल्या पत्र्यावर सपाट दाबला आणि माझ्या मनगटाच्या हाडावर ठोकलं. दोनदा. मधे एक श्वास.

इथं काप.

लेकीचे घाव आता मंद पडत चालले होते. बंद पेटी, वरून ते ऊन.

मी बटण दाबलं.

८

चौथा टाका मी उडवला की तिनं आतून लाथ मारून तोडला, आम्हा दोघांनाही आठवत नाही. दारात पडलो होतो एवढं आठवतं, आणि ती ओढणीनं माझा दंड करकचून बांधत होती. नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, दार लागताना ती ओरडली होती, पण जनरेटरच्या आवाजात मला ऐकू गेलं नाही, आणि आत तिला कुणी दिसलं नाही. मागून दोन ठोके ऐकू येत होते, पण तिला वाटलं बाहेरून मीच ठोकतोय, धीर देतोय.

क्रेनवाल्यानं तो कंटेनर उचलून नेला. त्याआधी चार माणसं बॅटरी घेऊन आत जाऊन आली. बोट नाही, अंगठी नाही, माझा हात नाही. रक्तसुद्धा फक्त बाहेरच्या बाजूला.

आता आम्ही तिघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. जावई डाव्या हातानं चित्रं काढायला शिकतोय. सकाळी लेक माझ्या सदऱ्याची बटणं लावते आणि तो बाजूनं म्हणतो, "मामा, आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो बघा." मग ती त्याला दटावते आणि हसतेही.

गेलेला हात दुखतो, असं डॉक्टर म्हणाले होते. सगळ्यांचा दुखतो म्हणे. माझा दुखत नाही. त्याला पत्रा लागतो. सकाळी गार, दुपारी चटका बसेल असा. मधे काही दिवस नुसतं हेलकावत होतं, मग थांबलं. कुठंतरी तो कंटेनर खाली ठेवला असणार.

आज सकाळी मी खुर्चीत चहा पीत बसलो होतो. त्या नसलेल्या तळहाताला बाहेरच्या बाजूनं कुणाचा तरी हात लागला. कुणीतरी पत्र्यावर तळहात टेकवला होता. माझ्यासारखाच, सावकाश. घर करायला घेतलं असेल कुणीतरी.

त्यानं दोन ठोके दिले.

"डोकी मोज!" मी ओरडलो. कप पडून फुटला, लेक आतून धावत आली. "बाबा, काय झालं? कुणाला ओरडताय?"  उजव्या हातानं ती रिकामी बाही गच्च धरून ठेवली होती मी, सगळा जोर लावून.

काही उपयोग झाला नाही. तिकडं माझी बोटं वळली, आणि त्यांनी उत्तर दिलं.